ताराबाई मोडक आणि बालवाडीतील बाईंचा पगार

चार-चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या आपल्या घरांतून गिजुभाई बधेकांचे नाव ऐकले नाही असे माणूस विरळाच. वकिली सोडून लहान मुलांत रमलेले आणि सगळ्या गुजरातने मायेने ‘मूछाळी मा’ केलेले हे गृहस्थ आपल्यालाही घरच्यासारखेच वाटतात. परंतु त्याच भावनगरात त्यांच्या बरोबरीने नऊ वर्षे काम करून पुढे बालशिक्षण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि आदिवासी वस्त्यांत नेणाऱ्या ताराबाई मोडक यांची आठवण त्या मानाने कमी निघते. गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन्ही घरे आपली मानणाऱ्या बडोदेकर मराठी मंडळींना तर त्या विशेष जवळच्या वाटायला हव्यात.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ताराबाईंचे चरित्र निवडले, त्याला एक कारण आहे. अलीकडे अनेक घरांतून एकच तक्रार कानी येते. नातवंडांच्या बालवाडीत बाई टिकत नाहीत. जूनमध्ये एक बाई असतात, दिवाळीनंतर दुसऱ्या येतात, होळीपर्यंत तिसऱ्या. मूल एकीला बिलगू लागते तोच ती निघून जाते, आणि सकाळच्या रडारडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बाईंना विचारावे तर कारण बहुधा एकच निघते, पगार परवडत नाही. हा प्रश्न नवा नाही. ताराबाईंच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर तो या ना त्या रूपाने उभा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरचे वातावरण सुधारकी होते. मुलींनी लिहा-वाचायला शिकणे हीच जेव्हा मोठी गोष्ट समजली जाई, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. तो संसार फार काळ चालला नाही. १९२१मध्ये पतिपत्नी विभक्त झाली आणि ताराबाई एकट्या पडल्या. पदरी लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी अशा बाईपुढे दोनच वाटा असत. एक माहेरच्या आश्रयाची, दुसरी स्वतःच्या कमाईची. ताराबाईंनी दुसरी वाट धरली.

ही कमाई त्यांना राजकोटने दिली. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत, त्या प्राचार्य झाल्या. हे पद मानाचे आणि जबाबदारीचे होते, आणि त्या काळी ते एका हिंदी स्त्रीकडे येणे ही साधी गोष्ट नव्हती. या टप्प्याचे महत्त्व आम्हाला वेगळेच वाटते. शिक्षिकेचा पगार म्हणजे काय, हे ताराबाईंना पुस्तकातून कळलेले नव्हते. पगारामुळे एकटी बाई ताठ मानेने राहू शकते, मुलाला वाढवू शकते आणि कुणाची मिंधी होत नाही, हे त्या स्वतः जगल्या होत्या. पुढे बालशिक्षिका तयार करण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले, त्याच्या मुळाशी हा अनुभव होताच.

राजकोटला असताना गिजुभाईंच्या कामाशी त्यांचा परिचय झाला. भावनगरची दक्षिणामूर्ती ही संस्था नानाभाई भट्टांनी १९१० साली उभी केलेली. गिजुभाई १९१६मध्ये तिथे आले आणि मारिया मॉन्टेसरींचे विचार वाचून १९२०मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मॉन्टेसरीबाईंनी रोमच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह १९०७ साली काढले होते. तिथे जे घडले ते काठेवाडात घडवून पाहायचे, असा गिजुभाईंचा ध्यास होता. मुलाला मारायचे नाही, धाकात ठेवायचे नाही, त्याच्या हाताला काम द्यायचे आणि ते काय करते ते लक्षपूर्वक पाहायचे, ही त्यांची रीत. ती पाहून ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३च्या सुमारास त्या भावनगरला दाखल झाल्या.

दर्जाच्या दृष्टीने पाहिले तर ही पायरी खाली उतरणारी होती. मोठ्या मुलींना शिकवणाऱ्या प्राचार्य तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. आजही शिक्षणव्यवस्थेची उतरंड तशीच आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला सर्वांत जास्त, मग माध्यमिक, मग प्राथमिक, आणि सगळ्यांच्या शेवटी बालवाडी. मूल जितके लहान, तितका शिकवणाऱ्याचा मान कमी आणि पगारही कमी. लहान मुलांना सांभाळणे हे काय शिकायचे काम आहे, ते तर कुठल्याही बाईला जमतेच, असा समज यामागे आहे. ताराबाईंचे सारे आयुष्य या समजाच्या विरोधात गेले.

भावनगरला त्या काय शिकल्या? मुलाचे निरीक्षण करणे. एक मूल पाण्याशी तासभर खेळते, दुसरे दारातच उभे राहते, तिसरे दुसऱ्याच्या हातातले हिसकावते. या प्रत्येकाशी काय बोलायचे, केव्हा गप्प राहायचे, कोणते साधन पुढे करायचे आणि कोणते मागे घ्यायचे, हे ठरवायला जाणकार डोळा लागतो. तो एका दिवसात येत नाही. दक्षिणामूर्तीत म्हणूनच बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर होते, आणि तिथे बालशिक्षक घडवण्याच्या कामात ताराबाई गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक निघू लागले. ताराबाईंनी गुजराती आत्मसात केली होती, तरी मराठी पालकांपर्यंत हा विचार जावा म्हणून १९३३पासून त्यांनी पत्रिकेची मराठी आवृत्ती चालवली.

संघ, अध्यापन मंदिर आणि मासिक या तीन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. बालशिक्षकाला जगाने मान दिला नव्हता. म्हणून या मंडळींनी त्याच्यासाठी स्वतःची संघटना, स्वतःचे प्रशिक्षण आणि स्वतःचे व्यासपीठ उभे केले. दूरच्या गावात एकटीने बालमंदिर चालवणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला पत्रिका मिळे. आपण करतो ते काम इतरही करत आहेत, त्यात विचार आहे, शास्त्र आहे, हे तिला कळे. माणूस कामात टिकतो तो अशाही गोष्टींमुळे. पण नुसत्या एवढ्यावर टिकत नाही, हे पुढे दिसलेच.

१९३२मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडले आणि मुंबई गाठली. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले आणि त्याला जोडून बालशिक्षिकांचे अध्यापन मंदिरही चालवले. मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुले तिथे येऊ लागली. मुंबईतल्या अनेक मुलींना शिक्षिका म्हणून उभे राहण्याची वाट तिथे मिळाली. शिशुविहाराचा बोलबाला झाला. परंतु ताराबाईंच्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. फी देऊ शकणाऱ्या घरांतील मुलांपुरतेच हे शिक्षण राहिले तर देशातील बहुसंख्य मुलांचे काय? मॉन्टेसरी साधने महाग होती, आणि ती खेड्यात पोचणार कशी?

याचे उत्तर शोधायला त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तो भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. बोर्डी गुजरातच्या सीमेला लागून आहे. तिथल्या बोलीत मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात. १९४५मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. तिथे त्यांना मिळालेली सहकारी म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. १९१०चा जन्म, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पण घरच्यांनी शिकू दिले. शिक्षिका झाल्या, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक केले, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षे नोकरी केली. १९४५मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पुण्यातली कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि १९७३पर्यंत, म्हणजे ताराबाई असेतो, त्यांच्याबरोबर राहिल्या. त्यानंतरही १९९२ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. सत्तेचाळीस वर्षे एकाच कामात! बाई टिकत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या आपल्या काळाला हा आकडा अद्भुत वाटेल.

बोर्डीत बालवाडी उघडली. पण गावातील सगळ्यांत मागे पडलेल्या वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. आई-बाप सकाळीच मजुरीला जात. मुलांना वेळेवर आणून सोडणार कोण? अंगावर धड कपडे नसलेले मूल चांगल्या घरच्या मुलांत बसणार कसे? तेव्हा ताराबाईंनी गोष्ट उलटी केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची. बाई वस्तीत जात, मुले गोळा करत, हातपाय धुवून देत, केस विंचरत, आणि तिथेच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ चालत. साधने म्हणजे शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे, माती. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज देशाच्या कानाकोपऱ्यात पोचलेला हा शब्द त्या छोट्या गावातल्या कामातून आला आहे.

यात बाईंचे काम किती वाढले ते पाहा. गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे एवढ्याने भागत नव्हते. मुलाला घरून आणायचे, स्वच्छ करायचे, आईची समजूत घालायची, आजारी मुलाची विचारपूस करायची, साधने स्वतः बनवायची. आपल्या गुजरातेत अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना तेडागर म्हणतात, म्हणजे मुलांना बोलावून आणणारी. त्या शब्दातही ही बोर्डीची रीत जिवंत आहे.

१९५६-५७च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातील हा वारली आदिवासींचा मुलूख. इथे नवीच अडचण समोर आली. मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मोठा मुलगा येऊ शकत नसे, कारण त्याला गुरे राखायची असत. ताराबाई आणि अनुताईंनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, गुरे चरतात तिथेच शाळा. पाळणाघर ही केवळ शहरातल्या नोकरदार आईची गरज आहे असे मानणाऱ्यांनी कोसबाड आठवावे. धाकट्याला सांभाळणारे कुणी असेल तरच थोरलीचे शिक्षण होते आणि आईची मजुरी बुडत नाही. पाळणाघरातील बाईंच्या कामावर अशी दोन-तीन आयुष्ये उभी असतात. त्या कामाची किंमत ठरवताना मात्र हा हिशेब कुणी मांडत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. इथे बहुतेक चरित्रे संपतात. आम्हाला मात्र त्यांच्या पश्चात घडलेली गोष्टही त्यांच्या चरित्राचाच भाग वाटते.

त्या गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांनी झाली. आज मंजूर केंद्रांची संख्या सुमारे १४ लाख आहे. या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. नाव आले, अंगण आले, गाणी-गोष्टी आल्या. त्यांच्या जोडीला पूरक आहार, लसीकरण, वजन घेणे आणि गरोदर मातांची नोंद ही कामे आली. बाईंच्या मोबदल्याला मात्र पगार म्हटले गेले नाही. अंगणवाडी सेविका ही मानसेवी कार्यकर्ती ठरली आणि तिला मिळू लागले ते मानधन. मानधन म्हणजे सेवाभावाने काम करणाऱ्याचा केलेला सन्मान. वेतन म्हणजे कामाचा हक्काचा मोबदला. या दोन शब्दांतल्या अंतरात लाखो बायकांचे आयुष्य गेले.

२०१८मध्ये केंद्राने आपला मानधनाचा आधार सेविकेसाठी महिना ३,००० रुपयांवरून ४,५०० आणि मदतनीसांसाठी १,५०० वरून २,२५० केला. राज्ये त्यात आपापली भर घालतात, म्हणून एका राज्यातील सेविकेला मिळते ते शेजारच्या राज्यात मिळतेच असे नाही. २००६ साली कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नसल्याचे सांगितले होते. २०२२ साली मात्र त्याच न्यायालयाने आपल्या गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. सोळा वर्षांत न्यायालयाच्या पायरीवर एवढी वाट चालून झाली. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू होतो. सहाच्या आतल्या मुलांचे शिक्षण अजून त्या हक्काच्या बाहेर आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले, ही चांगली गोष्ट. पण पाया घालणाऱ्या गवंड्याच्या मजुरीचा प्रश्न तिथेच आहे.

आता असे कुणी म्हणेल की ताराबाई आणि अनुताईंनी पैशाकडे पाहिले का? त्यांनी तर चांगल्या नोकऱ्यांवर पाणी सोडले. मग आजच्या बाईंनी का पाहावे? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण ताराबाईंच्या चरित्राचा सर्वांत चुकीचा उपयोग इथेच होतो. त्यांनी त्याग केला तो स्वतःच्या निवडीने, पदवी आणि पद हाती आल्यानंतर. ती त्यांची श्रीमंती होती. एखाद्या बाईने स्वतःहून सोडलेला पगार आणि दुसरीला कधी दिलाच न गेलेला पगार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. एखादी अनुताई शतकातून एकदा होते. लाखो अंगणवाड्या आणि गल्लोगल्लीच्या बालवाड्या अनुताईंच्या भरवशावर चालवायच्या असे कुणी ठरवले, तर त्या चालणार नाहीत. तिथे साध्या संसारी बायका काम करणार, ज्यांना घरभाडे भरायचे आहे, मुलांची फी भरायची आहे आणि रिक्षाचे पैसे द्यायचे आहेत. त्यांना दुकानात किंवा कॉल सेंटरमध्ये दुप्पट पैसे मिळाले तर त्या जातील. त्यात त्यांचा दोष नाही.

आणि त्या गेल्या की नुकसान कुणाचे? तीन वर्षांच्या मुलाला संस्था कळत नाही, अभ्यासक्रम कळत नाही, भिंतीवरची रंगीत चित्रेही फारशी कळत नाहीत. त्याला बाई कळतात. बाईंचा आवाज, त्यांच्या पदराचा वास, रडू आले की त्या काय करतात, हे त्याला कळते. त्या ओळखीच्या आधारावर ते आईचा हात सोडते, बोलू लागते, दुसऱ्या मुलात मिसळते. बाई बदलल्या की हा आधार पुन्हा उभारावा लागतो. नव्या बाईंनाही वर्गातील वीस-पंचवीस मुलांपैकी कोण कशाने घाबरते आणि कोण कशाने खुलते, हे शिकायला काही महिने लागतात. तोवर त्याही जायला निघाल्या, तर ताराबाईंनी शिकवलेले निरीक्षण करायचे केव्हा? प्रशिक्षणावर केलेला खर्चही प्रत्येक सोडून जाणाऱ्या बाईंबरोबर दाराबाहेर जातो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्या अभिमानात आपण मोठे झालो. महाराजांनी शाळेत जाण्याच्या वयाची सोय केली; त्याच्याही आधीच्या वयाची काळजी ताराबाईंनी वाहिली. या दोन्ही वारशांचे आपण धनी आहोत. त्यामुळे बालवाडीच्या प्रश्नात आपण नुसते तक्रार करणारे पालक राहू नये, असे आम्हाला वाटते.

करता येण्यासारखे बरेच आहे. नातवंडाला बालवाडीत घालताना आपण खेळणी पाहतो, वातानुकूलित वर्ग पाहतो, इंग्रजीची चौकशी करतो. त्याच वेळी बाई इथे किती वर्षे आहेत, त्यांचे प्रशिक्षण झाले आहे का आणि त्यांना बारा महिन्यांचा पगार मिळतो की दहा महिन्यांचा, हेही विचारावे. फी वाढली तर त्यातील किती भाग बाईंपर्यंत पोचतो, ही चौकशी पालकसभेत करता येते. आपल्यातील अनेक जण शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. अंदाजपत्रकात रंगरंगोटीच्या आधी बालवर्गाच्या शिक्षिकांच्या वेतनाचा आकडा घालणे त्यांच्या हाती आहे. घराजवळच्या अंगणवाडीत जाऊन सेविका आणि तेडागर बहेनची विचारपूस करणे तर कुणालाही जमेल.

गौरी-गणपतीच्या दिवसांत आपण आपल्या मुलांना मंडपात आणतो, आरती शिकवतो, मराठी कानावर पडावी म्हणून धडपडतो. परक्या मुलखात भाषा टिकवायची तर ती लहानपणीच रुजवावी लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. ज्या वयात ती रुजते, त्या वयातील मुले दिवसाचे तीन-चार तास बालवाडीतील बाईंच्या हवाली असतात. आरतीच्या ताटात दक्षिणा ठेवताना त्या बाईंच्या घरची चूल कशावर चालते, याचीही चौकशी आपल्या मंडळींनी या वर्षी करावी, एवढी आमची विनंती आहे.